प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांची बेंचमार्कने तुलना कशी करावी: नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नागपुरातील अनेक कार्यालये, शिकवणी वर्ग, डीटीपीची दुकाने व महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांच्यापुढे एक प्रश्न येऊन उभा राहिला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. मग त्याच जुन्या संगणकांवर लिनक्स घालून आणखी काही वर्षे काढावीत, की सीताबर्डीवर जाऊन नव्या प्रोसेसरचे संगणक घ्यावेत? याचे उत्तर दुकानदाराच्या शब्दावर किंवा कुठल्यातरी तक्त्यातील आकड्यांवर सोडण्याची गरज नाही. थोडा धीर, एक वही आणि फुकट मिळणारी काही साधने एवढ्या भांडवलावर ते स्वतः मोजून काढता येते. मात्र एक गोष्ट सुरुवातीपासून पक्की धरावी लागते: बेंचमार्कचा, म्हणजे ठरावीक काम देऊन वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा ज्या परिस्थितीत निघाला, ती परिस्थिती त्या आकड्याचाच भाग असते, आणि ती लिहून ठेवली नसेल तर त्या आकड्याशी दुसऱ्या कोणत्याही आकड्याची तुलना करता येत नाही.

आधी प्रश्न, मग चाचणी

‘कोणता संगणक वेगवान आहे’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘अर्ध्या तासाचा लग्नाचा व्हिडिओ या लॅपटॉपवर किती मिनिटांत निर्यात होतो’ हा प्रश्न मोजता येतो. म्हणून कोणतेही साधन डाउनलोड करण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा आणि त्या वाक्यात नेमकी कोणती एक गोष्ट बदलणार आहे, हे स्पष्ट करावे. प्रोसेसरची तुलना करायची असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम, तिची आवृत्ती, ड्रायव्हर, मेमरी आणि डिस्क शक्य तितकी सारखी ठेवावी लागते. ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना करायची असेल तर यंत्र तेच ठेवून फक्त सिस्टीम बदलावी लागते. जुन्या प्रोसेसरवर विंडोज १० आणि नव्या प्रोसेसरवर विंडोज ११ असा तक्ता समोर आला, तर त्यातील फरक प्रोसेसरचा किती आणि सिस्टीमचा किती, हे कोणालाही सांगता येणार नाही.

दोन वेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरना मदरबोर्डच वेगळा लागतो, त्यामुळे सर्व काही सारखे ठेवणे अनेकदा अशक्य असते. अशा वेळी जे सारखे ठेवता येते ते ठेवावे आणि उरलेल्याची नोंद करावी. यात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे मेमरी. बाजारात मिळणाऱ्या तयार संगणकांत पुष्कळदा रॅमची एकच स्टिक असते. डीडीआर४-३२०० प्रकारच्या मेमरीची एका चॅनेलवरील (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका वाटेवरील) सैद्धांतिक वहनक्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट असते आणि दोन चॅनेलवर ती दुप्पट, म्हणजे ५१.२ गिगाबाइट होते. एका यंत्रात १६ जीबीची एकच स्टिक आणि दुसऱ्यात ८ जीबीच्या दोन असतील, तर कागदावर दोन्हींची मेमरी १६ जीबीच दिसते; पण मोठ्या माहितीवर काम करणाऱ्या चाचणीत आपण प्रोसेसरऐवजी मेमरीची मांडणी मोजत बसतो. म्हणून पहिल्या चाचणीआधी दोन्ही यंत्रांतील स्टिकची संख्या, त्यांचा वेग आणि चॅनेल तपासून घ्यावेत.

कोणती चाचणी कशाला

तयार चाचण्यांपैकी सेव्हन-झिपमधील अंगभूत चाचणी सुरुवातीला सर्वांत सोयीची आहे. ती विनामूल्य आहे, लहान आहे आणि विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते. ती संपीडन (फाइल दाबून लहान करणे) आणि विसंपीडन (ती पुन्हा उलगडणे) यांचे दोन स्वतंत्र आकडे देते, आणि हे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचले पाहिजेत: संपीडनाचा वेग मेमरीच्या विलंबावर आणि कॅशच्या (प्रोसेसरमधील छोट्या, वेगवान मेमरीच्या) आकारावर बराच अवलंबून असतो, तर विसंपीडनाचा वेग प्रोसेसरच्या पूर्णांक गणिती क्षमतेवर आणि प्रोग्रॅम पुढे कोणत्या फाट्याने जाईल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला की किती वेळ वाया जातो यावर ठरतो. दोन्हींची सरासरी पाहून समाधान मानणारा वाचक निम्मी माहिती टाकून देतो.

सिनेबेंच हे मॅक्सॉन कंपनीचे साधन त्रिमितीय चित्र रंगवण्याच्या कामावर आधारलेले आहे. प्रोसेसरचे सर्व कोअर (आतील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) सतत राबवायचे असतील तर ते उत्तम आहे, पण ते लिनक्ससाठी उपलब्ध नाही, त्यामुळे विंडोज आणि लिनक्स यांच्या तुलनेत त्याचा उपयोग नाही. तिथे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची स्वतःची बेंचमार्क चाचणी वापरावी. गीकबेंच ६ फेब्रुवारी २०२३ मध्ये आले आणि त्यात इंटेल कोअर आय७-१२७०० या प्रोसेसरला २५०० गुण हा आधार धरला आहे. त्याच्या आधीच्या आवृत्तीतील गुण या आवृत्तीतील गुणांशी कधीही ताडून पाहू नयेत, कारण आधार तर बदललाच आहे, शिवाय अनेक कोअरच्या चाचणीत आता सर्व कोअर मिळून एकच काम वाटून घेतात, पूर्वीसारखे प्रत्येक कोअर आपले स्वतंत्र काम करत नाही.

प्रयोगशाळेत पद्धतशीर काम करायचे असेल तर फोरोनिक्स टेस्ट स्वीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मुक्त स्रोत आहे, लिनक्सवर सर्वांत चांगले आणि विंडोज, मॅकओएस व बीएसडीवरही चालते. प्रत्येक चाचणी ते अनेकदा फिरवते, वाचनांत फार तफावत दिसली तर आपण होऊन आणखी फेऱ्या घेते आणि यंत्राचा तपशील निकालासोबत नोंदवते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी तुलना करायची असेल, तर शिस्तीचा निम्मा भार हे साधन स्वतः उचलते.

याच्या वरच्या पायरीवर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेचा सीपीयू २०१७ हा संच येतो. त्यात ४३ चाचण्या आहेत. एक काम किती लवकर संपते आणि ठरावीक वेळात किती कामे उरकतात, या दोन प्रश्नांसाठी त्याचे वेगळे विभाग आहेत. तो विकत घ्यावा लागतो आणि पूर्ण चालवायला पुष्कळ तास लागतात. परंतु त्याचे प्रकाशित निकाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि एखादा निकाल किती तपशिलासह लिहावा, याचा तो उत्तम नमुना आहे.

या सर्व तयार चाचण्यांपेक्षा मी स्वतःच्या कामातून बनवलेल्या चाचणीला अधिक वजन देतो. डीटीपीच्या दुकानाने काही शे पानांचा देवनागरी मजकूर घ्यावा, त्यात नेहमीच्या वापरातील युनिकोड फॉन्ट ठेवावा आणि लिबरऑफिसकडून खिडकी न उघडता, आज्ञेच्या ओळीतून त्याची पीडीएफ करून घेऊन लागलेला वेळ मोजावा. जोडाक्षरे आणि मात्रा यांची जुळणी करण्यात प्रोसेसरला खरे कष्ट पडतात, आणि असे काम परदेशी चाचणीसंचांत सहसा नसते. पहिल्या फेरीत फॉन्टची सूची तयार होण्यात वेळ जातो, म्हणून ती फेरी वेगळी लिहावी. व्हिडिओचे काम करणाऱ्यांनी पाच-दहा मिनिटांची एकच मूळ फीत, एकच सॉफ्टवेअर आणि एकच निर्यात-मांडणी ठरवून घ्यावी, आणि निर्यात प्रोसेसरचे कोअर करत आहेत की चिपमधील व्हिडिओसाठीचा स्वतंत्र भाग करत आहे, हे आधी पाहावे. इंटेलच्या क्विक सिंकसारखी सोय एका यंत्रावर चालू आणि दुसऱ्यावर बंद असेल, तर वेळेत प्रचंड फरक दिसेल, पण तो प्रोसेसरच्या कोअरचा नसेल, आणि बाहेर पडणाऱ्या चित्राची प्रतही सारखी नसेल.

खोलीचे तापमान हा तुलनेचा भाग आहे

परदेशी परीक्षणे बहुधा विशीतल्या तापमानाच्या वातानुकूलित खोलीत केलेली असतात. नागपुरात नवतपाच्या दिवसांत बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो, आणि एसी नसलेल्या खोलीत दुपारी चाळिशी गाठणे अवघड नसते. हिवाळ्यातील सकाळी तीच खोली विशीच्याही खाली असते. प्रोसेसरवर याचा परिणाम सरळ आहे. पंख्याचा वेग आणि प्रोसेसरला मिळणारी वीज तीच असेल, तर चिपचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहते. खोली वीस अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तितकीच तापते. इंटेलच्या अनेक लॅपटॉप-प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि जानेवारीत जो लॅपटॉप परीक्षणातल्यासारखा चालत होता तो मे महिन्यात मागे पडतो, जरी त्यातील एकही सुटा भाग बदललेला नसला तरी.

यात टर्बोची भर पडते. आधुनिक प्रोसेसर काम सुरू होताच थोडा काळ ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढून वेगाने धावतो आणि मग दीर्घकालीन मर्यादेवर उतरतो. इंटेलच्या बाबतीत या दोन मर्यादा आणि त्यांच्यामधील कालावधी लॅपटॉपचा निर्माता ठरवतो, म्हणून एकाच नावाचा प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप लांबलेल्या कामात अगदी वेगळे वागू शकतात. अर्ध्या मिनिटात संपणारी चाचणी फक्त पहिला जोर मोजते. गीकबेंच तर चाचण्यांच्या मध्ये मुद्दाम थोडी उसंत देते, त्यामुळे त्याचा आकडा उष्णतेच्या प्रश्नावर फारसा बोलत नाही. ज्याला तासभर व्हिडिओ निर्यात करायचा आहे त्याने तेच काम अर्धा तास सलग पुन्हा पुन्हा चालवावे आणि प्रत्येक फेरीचा वेळ क्रमाने लिहावा. पहिल्या फेरीत आणि दहाव्या फेरीत किती अंतर पडते, ही त्या लॅपटॉपविषयी मिळणारी सर्वांत उपयोगी माहिती असते आणि ती कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

व्यवहारात हे असे करावे. यंत्र टेबलावर, खालून हवा मिळेल असे ठेवावे. लॅपटॉपच्या हवा ओढण्याच्या जाळीजवळ, पण बाहेर टाकलेल्या गरम हवेपासून दूर, एक साधा तापमापक ठेवून प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतरचे तापमान नोंदवावे. दोन फेऱ्यांच्या मध्ये यंत्र दहा-पंधरा मिनिटे निवांत राहू द्यावे, मात्र सलग कामाची चाचणी असेल तर ही विश्रांती देऊ नये. चाचणी चालू असताना विंडोजवर एचडब्ल्यू-इन्फो आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स किंवा टर्बोस्टॅट यांच्या साहाय्याने कोअरचा वेग, तापमान आणि ओढलेली वीज यांची नोंद घेत राहावे, म्हणजे वेग का उतरला हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

दोन यंत्रे असतील तर सकाळी एक आणि दुपारी दुसरे अशी चूक करू नये, कारण दुपारचे यंत्र विनाकारण हरते. पहिले, दुसरे, पुन्हा दुसरे आणि मग पहिले असा क्रम ठेवला तर चढत्या उन्हाचा भार दोघांवर सारखा पडतो.

कूलरविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत आणि छोट्या दुकानांत तोच असतो. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे मे महिन्यातील कोरड्या हवेत खोली भरपूर थंड करतो आणि मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा प्रभाव बराच कमी होतो. म्हणजे ‘कूलर चालू’ एवढी नोंद पुरेशी नाही, तापमान लिहिलेच पाहिजे. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर सोडून घेतलेले वाचन ग्राह्य धरू नये. रोजच्या वापरात यंत्र तसे ठेवले जात नाही, आणि ओलसर झोत यंत्राच्या तब्येतीलाही चांगला नाही.

जुन्या यंत्राच्या पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ असते आणि चिपवरील थर्मल पेस्ट वाळलेली असते. अशा यंत्राची नव्याशी तुलना करताना आपला प्रश्न पुन्हा वाचावा. ‘आहे त्या स्थितीतील जुना संगणक’ आणि नवा यांची तुलना करायची असेल तर धूळ तशीच ठेवून मोजावे. ‘जुना प्रोसेसर’ आणि नवा यांची तुलना करायची असेल तर आधी सफाई करून नवी पेस्ट लावावी. मी दोन्ही मोजायला सांगेन, कारण पुष्कळदा नवा संगणक घेण्याच्या विचारात असलेल्या माणसाला सफाईतच हवा तो वेग परत मिळतो, आणि तो खर्च नव्या संगणकाच्या मानाने नगण्य असतो.

लॅपटॉप नेहमी चार्जरवर आणि त्याच्या स्वतःच्याच चार्जरवर मोजावा. टाइप-सी चार्जर कमी वॅटचा असेल तर अनेक लॅपटॉप निमूटपणे वेग कमी करतात. बॅटरीवरील कामगिरी हा वेगळा, तितकाच रास्त प्रश्न आहे. दोन्ही आकडे एका रकान्यात येऊ नयेत एवढेच.

ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना

इथे सर्वांत मोठा गैरसमज असा की प्रोसेसरवर भरपूर गणित करणारी चाचणी दोन सिस्टीमवर चालवली की सिस्टीमची तुलना झाली. असे गणित एकदा सुरू झाले की ते कर्नलकडे (सिस्टीमच्या गाभ्याकडे) क्वचितच जाते; सिस्टीमचा त्यातील वाटा कामाचे कोअरवर वाटप आणि वीज-व्यवस्थापन एवढाच उरतो. त्यामुळे ब्लेंडर किंवा तत्सम चाचणीत विंडोज आणि लिनक्स जवळजवळ बरोबरीत आले, तर त्यावरून दोन्ही सर्व कामांत सारख्या आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. सिस्टीमचा खरा कस लागतो तो नवी प्रक्रिया सुरू करण्यात, हजारो छोट्या फायली उघडण्या-मिटण्यात, डिस्कवर लिहिण्यात आणि नेटवर्कच्या कामात. लिनक्स कर्नलचा मूळ संकेत (सोर्स कोड) उलगडणे, एखादा मोठा प्रकल्प कंपाइल करणे, डेटाबेसवर व्यवहारांचा मारा करणे अशी कामे इथे निवडावीत.

यंत्र तेच आणि शक्यतो एसएसडीही तीच ठेवावी. एसएसडी जवळजवळ भरलेली असली की तिचे लेखन मंदावते, म्हणून दोन्ही वेळा मोकळी जागा सारखी असावी. एका बाजूला बिटलॉकरचे कूटलेखन चालू आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी स्थिती नसावी. लिनक्सवर फायली कॉपी करण्याची आज्ञा पुष्कळदा माहिती डिस्कवर पोहोचण्याआधीच ‘झाले’ म्हणते, कारण ती माहिती अजून मेमरीत असते. सिंक ही आज्ञा जोडून तिचाही वेळ धरल्याशिवाय लेखनाचा वेग लिहू नये. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून किंवा विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल या मायक्रोसॉफ्टच्या सोयीत चालवून घेतलेली वाचने लिनक्सची म्हणून मांडू नयेत: पहिल्यात पेनड्राइव्हचा वेग मिसळतो, आणि डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालते.

विंडोज नुकतीच बसवलेली असेल तर अद्ययावतीकरण, फायलींची अनुक्रमणिका आणि अँटिव्हायरसची तपासणी पार्श्वभूमीवर बराच वेळ चालू राहते. यंत्र तासभर तसेच चालू ठेवावे, पुन्हा सुरू करावे आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शांत झालेला दिसला की मगच मोजायला बसावे. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करून मोजावे का, असा प्रश्न नेहमी येतो. माझा आग्रह असा की आधी दोन्ही सिस्टीम जशा बसतात तशाच मोजाव्यात, कारण कार्यालयातील माणूस त्या तशाच वापरणार आहे. त्यानंतर हवे तर कमाल कामगिरीची मांडणी करून, म्हणजे विंडोजमध्ये पॉवर मोड सर्वोच्च आणि लिनक्समध्ये प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ असा ठेवून, दुसरी स्वतंत्र तुलना करावी. एका बाजूची मूळ मांडणी आणि दुसऱ्या बाजूची घोटून बसवलेली मांडणी शेजारी ठेवणे हा अन्याय आहे, आणि कोणत्याही एका सिस्टीमवर प्रेम असलेल्या माणसाकडून तो नकळत होतो.

स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने तुलना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी कंपायलरकडे, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाकडे, लक्ष द्यावे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आणि लिनक्सवर जीसीसी वापरून मिळालेला फरक हा बहुतांशी कंपायलरचा असतो. दोन्हीकडे जीसीसीची एकच आवृत्ती आणि तेच पर्याय ठेवले तर प्रश्न मूळ जागी येतो.

प्रोसेसर आणि सिस्टीम या दोन गोष्टी एकमेकींपासून किती वेगळ्या काढता येतात, यालाही मर्यादा आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर तिसऱ्या पातळीच्या कॅशचा विलंब वाढत असल्याचे दिसून आले. काही प्रोग्रॅम ३ ते ५ टक्के आणि काही खेळ १० ते १५ टक्क्यांपर्यंत मंदावत असल्याचे एएमडीने सांगितले, आणि त्याच महिन्यात दुरुस्त्या आल्या. त्या दोन-तीन आठवड्यांत घेतलेली वाचने खोटी नव्हती, पण दुरुस्तीनंतर ती त्या प्रोसेसरविषयी काही सांगत नव्हती. त्याच वर्षअखेरीस आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र आले. कोणते काम कोणत्या कोअरवर टाकावे, यासाठी विंडोज ११ मध्ये आरंभापासून सोय होती आणि लिनक्समध्ये ती पुढील कर्नल आवृत्त्यांत टप्प्याटप्प्याने आली. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटींवरील उपायांमुळे प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये जाण्या-येण्याचा खर्च वाढला, आणि त्याचा फटका जुन्या प्रोसेसरना अधिक बसला. म्हणून २०१७ मधील परीक्षणातील आकडे आज त्या जुन्या संगणकाला लागू पडत नाहीत. तो आजच्या सिस्टीमवर आज मोजावा लागतो. हे सुरक्षा-उपाय बंद करून आकडा वाढवता येतो, पण ज्या यंत्रावर इंटरनेट आणि बँकेचे व्यवहार होणार आहेत त्याच्या तुलनेत तो आकडा मांडू नये.

मोजणाऱ्या साधनाचीही तपासणी

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि ती बातमी देशभर गेली. नंतर हवामान विभागाने तो सेन्सरमधील बिघाड असल्याचे स्पष्ट केले. शहरातील इतर काही केंद्रे त्याच वेळी बरेच कमी तापमान दाखवत होती, म्हणूनच शंका लगेच घेता आली. संगणकात मोजणारे साधन म्हणजे त्याचे घड्याळ, आणि ते सिस्टीमच्या हाती असते. २०१३ मध्ये एचडब्ल्यूबॉट या ओव्हरक्लॉकिंगच्या (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याच्या) स्पर्धा घेणाऱ्या संस्थेने विंडोज ८ वरील निकाल स्वीकारणे थांबवले होते, कारण सिस्टीम चालू असताना प्रोसेसरचा मूळ क्लॉक बदलला की विंडोज ८ चे घड्याळ मागे किंवा पुढे पडत असे आणि चाचणीला आपण वेगवान झालो असे वाटे. आभासी यंत्रातही घड्याळ असे घसरू शकते. उपाय सोपा आहे: निदान एक लांब फेरी मोबाइलमधील स्टॉपवॉचने मोजावी आणि संगणकाने सांगितलेल्या वेळेशी ताडून पाहावी.

आकड्यांचे गणित

प्रत्येक चाचणीच्या निदान पाच फेऱ्या घ्याव्यात, मध्यक (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे वाचन) लिहावा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वाचनही लिहावे. समजा पहिल्या संगणकाची वाचने १८२, १८४, १८५, १८९ आणि २०१ सेकंद आली आणि दुसऱ्याची १७८, १८१, १८३, १८६ आणि १९० सेकंद आली. मध्यकांत फरक दोन सेकंदांचा आहे, पण पहिल्या संगणकाच्या स्वतःच्याच वाचनांत एकोणीस सेकंदांचा फरक आहे. इथे दोघे सारखेच आहेत असे लिहावे. २०१ हे वाचन गुपचूप खोडू नये. त्या वेळी अद्ययावतीकरण सुरू झाले होते का, तापमान चढले होते का, हे नोंदींत पाहावे, आणि कारण सापडले तर कारणासह ती फेरी बाजूला काढून नवी घ्यावी.

अनेक चाचण्यांचा एकच आकडा काढताना साधी सरासरी चुकीच्या वाटेने नेते. एका कामाला पहिल्या संगणकावर १०० आणि दुसऱ्यावर ५० सेकंद लागतात, आणि दुसऱ्या कामाला नेमके उलट, असे धरू. पहिला संगणक आधार धरला तर दुसऱ्याचे वेग २ पट आणि ०.५ पट येतात, त्यांची सरासरी १.२५, म्हणजे दुसरा पंचवीस टक्के वेगवान ठरतो. दुसरा आधार धरला तर त्याच रीतीने पहिला पंचवीस टक्के वेगवान ठरतो. गुणोत्तरांचा भूमितीय मध्य काढला, म्हणजे या दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले, तर दोन्ही बाजूंनी उत्तर १ येते, आणि स्पेक आपल्या एकत्रित गुणांसाठी तोच वापरते. तरीही आपल्या दुकानात दिवसाला कोणते काम किती वेळा होते हे माहीत असेल, तर त्या प्रमाणात एकूण सेकंदांची बेरीज करणे अधिक प्रामाणिक आहे. टक्केवारी लिहितानाही काळजी घ्यावी: १०० सेकंदांचे काम ८० सेकंदांत होऊ लागले तर वेळ २० टक्क्यांनी घटला आणि वेग २५ टक्क्यांनी वाढला, आणि विक्रीच्या पत्रकात यांपैकी कोणता आकडा छापला जाईल हे ओळखणे कठीण नाही.

दुसऱ्यांचे निकाल वाचताना

प्रकाशित निकाल वाचताना आवृत्ती, तारीख, सिस्टीम, मेमरी आणि वीजमर्यादा यांपैकी काय काय दिले आहे ते आधी पाहावे. चाचणी प्रसिद्ध झाली की तिच्यासाठीच कंपायलर घोटण्याचा मोह जुना आहे. १९८४ मधील ड्राईस्टोन ही छोटी चाचणी कंपायलर हुशार झाल्यावर निरुपयोगी ठरत गेली ती याच कारणाने. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकने सीपीयू २०१७ च्या २६०० हून अधिक प्रकाशित निकालांवर अमान्यतेचा शेरा मारला, कारण इंटेलचा कंपायलर संचातील एका चाचणीचा संकेत ओळखून तिच्यापुरती खास सुधारणा करत होता आणि ती इतर प्रोग्रॅमना सर्वसाधारणपणे उपयोगी नव्हती. स्वतःच्या कामातून बनवलेल्या चाचणीवर माझा भर आहे तो म्हणूनच: तिच्यासाठी कोणी कंपायलर घोटून ठेवलेला नसतो.

अखेरीस निकाल असा लिहावा की दुसऱ्या माणसाला तीच फेरी पुन्हा घेता आली पाहिजे. प्रोसेसरचे पूर्ण नाव, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती, मेमरीच्या स्टिक व वेग, डिस्क, सिस्टीमची आवृत्ती व बिल्ड किंवा कर्नल क्रमांक, पॉवरची मांडणी, चाचणीची आवृत्ती, चार्जरचे वॅट, दिनांक, वेळ आणि खोलीचे तापमान एवढे सगळे आकड्याच्या वर लिहावे, आकडा खाली. चाचणीसाठी वापरलेली मूळ फाइल आणि आज्ञा एका फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात. बायोस किंवा सिस्टीमचे मोठे अद्ययावतीकरण आले की तीच फेरी पुन्हा घ्यावी, आणि प्रयोगशाळेसाठी संगणक घ्यायचे असतील तर नमुन्याचा एक संगणक चाचणीपुरता मागून घेऊन तो एप्रिल-मे महिन्यांत, जिथे ठेवायचा त्याच खोलीत, दुपारी दोन ते चारच्या वेळात मोजावा. त्या वेळीही फरक फेऱ्यांच्या तफावतीपेक्षा कमी राहिला तर प्रोसेसरचा विचार बाजूला ठेवून मेमरी वाढवण्याची सोय, हमीचा काळ आणि शहरातील सेवाकेंद्र पाहून खरेदी करावी.